उसनी गोष्ट

‘मितानिन’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मी दरवेळी अडते. मैत्रीण म्हटलं तर फार कमी होतं, सखी म्हटलं तर उगाच कविता होते. छत्तीसगडमध्ये मितान ‘बदतात’. दोन माणसं, पुष्कळदा वेगवेगळ्या जातींची, देवाच्या आणि गावाच्या साक्षीनं आयुष्यभराचं नातं जोडतात. भोजली, महाप्रसाद, गंगाजल अशी त्याची प्रकारांप्रमाणे नावं आहेत. नातं जुळलं की एकमेकांना नावानं हाक मारायची नाही, त्या नात्याच्याच नावानं मारायची, आणि एकमेकांच्या घरच्या सुखदुःखाला सख्ख्यासारखं उभं राहायचं. गडचिरोलीच्या बोलीत जिवाभावाच्या मैत्रिणीला ‘गोईण’ म्हणतात. डॉ. राणी बंग यांनी झाडांविषयीच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं, कारण तिथल्या बायका झाडांविषयी तशाच बोलतात. ‘गोईण’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यालाही तळटीप लागते.

2002 मध्ये, राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली असताना, छत्तीसगड सरकारनं गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तीला हे नाव दिलं. ‘आशा’ योजना देशभर आली ती 2005 मध्ये. तिच्या आधी इथे मितानिन होती, आणि आज त्यांची संख्या 60 हजारांहून अधिक आहे. पाड्या-पाड्यावर मितानिन निवडण्याआधी कलाजथे फिरवले गेले. गाणी, छोटी नाटकं, गावच्याच बोलीत. आरोग्य हा आपला हक्क आहे, आपल्यातलीच एक बाई निवडा, असं ते सांगत. कल्पना चांगली होती आणि पुष्कळ ठिकाणी ती फळालाही आली. जुलाब, मलेरिया, बाळंतपण यांत मितानिननं वाचवलेली माणसं या भागात कुठेही भेटतात. तरीही शब्दांवर पोट असल्यामुळे मला पहिल्यापासून एक प्रश्न पडत आला आहे. लोकांचा एक पवित्र शब्द, त्यांची गाण्याची चाल, त्यांची गोष्ट सांगायची रीत उसनी घेऊन त्यांनाच बदलायचं, हे कितपत न्याय्य आहे? आणि न्याय्य असेल, तर कोणत्या अटीवर?

भिलाईत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथे सिविक सेंटरला संध्याकाळी बाजार भरलेला असतो, चाटच्या गाड्यांभोवती गर्दी असते, आणि तिथेच अधूनमधून पथनाट्याचा गोल उभा राहतो. स्वच्छता, मतदान, हेल्मेट, डेंग्यू. 2018 च्या पावसाळ्यात डेंग्यूनं या शहरात अनेकांचे बळी घेतले, खुर्सीपारसारख्या दाट वस्त्यांत तर भीतीचं वातावरण होतं. त्यानंतर मी इथे पाहिलेल्या एका पथनाट्यात नाचामधला जोक्कड होता. रंगवलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत धोतर, लोकांना हसवणारा. तो कूलरमध्ये पाणी साठवतो, तापानं फणफणतो, डॉक्टरीणबाई त्याला रागावतात, तो कान पकडतो. टाळ्या पडल्या. मुलांनी काम झकास केलं होतं. मला मात्र राहून राहून वाटलं की या जोक्कडाची जीभ कुणीतरी काढून घेतली आहे.

नाचा रात्रभर चालतो. लिखित संहिता नसते. जोक्कड आणि परी (परीचं काम पुरुषच करतात) एखादं सूत्र धरतात आणि गावातल्या ताज्या भांडणावर, सरपंचावर, सावकारावर, समोर बसलेल्या दाऊवरही घसरतात. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी या कलेला बांधलेली मंडळी दिली, दुर्गजवळच्या बघेऱ्याचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 1971 मध्ये ‘चंदैनी गोंदा’ उभं करून तिला मोठा रंगमंच दिला. पण तिचा कणा तोच राहिला: जोक्कडाला कुणीही वर्ज्य नाही. खऱ्या नाचातल्या जोक्कडानं डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं की बाई, नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, साठवू नको तर काय करू? टाऊनशिपचा कूलर आणि वस्तीतला पाण्याचा पिंप यांत डास भेद करत नाही. पण कूलर सुखासाठी भरतात आणि पिंप गरजेपायी. हे विचारायचं काम जोक्कडाचं होतं. त्याचे कपडे घेतले, त्याचं विनोदाचं अंग घेतलं, प्रश्न तेवढा गाळला.

लोककला म्हणजे रिकामं भांडं, त्यात आपण संदेश ओतायचा, असा समज आरोग्य शिक्षणात फार रुळला आहे. भांडं रिकामं कधीच नव्हतं. ‘पोंगा पंडित’ ऊर्फ ‘जमादारिन’ हे अस्पृश्यतेवरचं प्रहसन नाचाच्या कलावंतांनी तीसच्या दशकात स्वतःच रचलं. कुठल्या खात्यानं त्यांना अनुदान दिलं नव्हतं. पुढे हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरनं ते केलं, तेव्हा 1992 नंतर आणि पुन्हा 2003 मध्ये त्याचे प्रयोग उधळले गेले. पडद्याचंही तसंच. छत्तीसगढीतला पहिला चित्रपट, मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ (1965), ब्राह्मण मुलगी आणि दलित मुलगा यांच्या प्रेमाचा आहे. नावातच संदेश आहे, पण तो बाहेरून पाठवलेला नाही. याच मातीतला माणूस मुंबईत जाऊन सिनेमा शिकला आणि आपल्या गावच्या जातीबद्दल बोलायला परत आला. त्याच्याविरुद्ध ओरड झाली तीही इथल्याच माणसांची. बोलणारा आणि ऐकणारा एकाच चावडीवर बसलेले असले, की भांडण होऊ शकतं.

याउलट 1975-76 मध्ये उपग्रहावरून दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत संच बसवले गेले. त्यांत रायपूरकडची गावंही होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांचे कार्यक्रम आकाशातून हिंदीत उतरत, लोक अंगणात बसून पाहत, आणि वर्ष संपल्यावर उपग्रहच सरकला. त्यातल्या तंत्राचं कौतुक मला आहेच. पण त्या पडद्याला उलट उत्तर द्यायची सोय नव्हती.

उलट उत्तराची सोय म्हणजे काय, याचं गुंतागुंतीचं उदाहरणही भिलाईचंच आहे. हबीब तन्वीर यांचं ‘चरणदास चोर’ सत्तरच्या दशकात इथल्याच एका कार्यशाळेत ‘चोर चोर’ या नावानं आकाराला आलं. गोष्ट विजयदान देथांची, राजस्थानी लोककथेवरून रचलेली. तन्वीर यांनी ती छत्तीसगढी नटांच्या तोंडी दिली, सतनामी प्रेक्षकांसमोर मांडली, आणि सत्याला देव मानणाऱ्या त्या पंथाची पंथी गीतं तिच्यात विणली. 1975 मध्ये श्याम बेनेगल यांनी त्याच मंडळींना घेऊन बालचित्र समितीसाठी चित्रपट केला, 1982 मध्ये नाटकानं एडिंबरामध्ये पारितोषिक मिळवलं. आणि 2009 मध्ये, तन्वीर गेल्यावर काही आठवड्यांतच, छत्तीसगड सरकारनं नाटकाच्या पुस्तकावर बंदी आणली. सतनामी धर्मगुरूंचा आक्षेप हे कारण दिलं गेलं.

बंदी मला तेव्हाही चूक वाटली, आजही वाटते. पण आक्षेप खुळा होता असं म्हणून हात झटकायला मी तयार नाही. एका समाजाची गाणी घेऊन गोष्ट जगभर फिरली, त्या समाजाला आपलं चित्र कसं दिसतं हे विचारण्याचं स्थान कुठे ठेवलेलं होतं? नाचाच्या मैदानात ते होतं. कुणीही उठून बोलू शकत होता, नट तिथल्या तिथे वाक्य फिरवत. पुस्तकात ते उरलं नाही, आणि मग सरकार त्या समाजाच्या वतीनं बोललं. सरकार कुणाच्याही वतीनं बोलू लागलं की दोन्हीकडचे गप्प होतात.

आता माझ्याच कामातलं सांगते. सिकलसेलवरच्या एका छोट्या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं मी केली, सीमेपलीकडे गडचिरोली-गोंदियाकडे दाखवण्यासाठी. हा आजार आई-वडील दोघांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट असले, तरी प्रत्येक बाळंतपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. छत्तीसगड आणि विदर्भ दोन्हीकडे तो पुष्कळ आहे, आदिवासींत आहे, इतर अनेक जातींतही आहे. 2023 पासून केंद्राची निर्मूलन मोहीम चालू आहे. तपासणी करा, कार्ड घ्या, लग्नाआधी कार्ड जुळवा. चित्रपटात एक गोंड आजी मोहाच्या झाडाखाली नातवंडांना देवांची गोष्ट सांगते. कुणाचे चार देव, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. सारख्या देवांच्या घरांत सोयरीक करायची नाही. मग नर्स येते आणि म्हणते की हे कार्डही तुमच्या पूर्वजांच्याच नियमाचं नवं रूप आहे.

चित्रीकरण सुरेख. आजीचा आवाज असा, की ऐकत राहावं. काही गोंडी शब्दांसाठी मी मानपूरकडच्या एका निवृत्त गुरुजींना भेटले. ते स्वतः गोंड. मुलाकडे भिलाईला आले होते, म्हणून सिविक सेंटरलाच बसलो. मोबाइलवर त्यांनी तो प्रसंग दोनदा पाहिला.

“ताई, सहा देववाले सहा देववाल्यांत मुलगी का देत नाहीत?”

“एकमेकांचे भाऊ-बहीण लागतात म्हणून.”

“म्हणजे नातं फार जवळचं आहे म्हणून. आणि हे कार्ड का जुळवायचं?”

“दोघांच्या रक्तात तीच खोट असेल तर...”

“बघा. आमचा नियम सांगतो हा तुझा भाऊ आहे. कार्ड सांगतं हा बिघडलेला आहे. या बाई दोन्ही एकच म्हणतात.”

गुरुजी तपासणीच्या विरोधात मुळीच नाहीत. त्यांच्या पुतण्याला हा आजार आहे. सांधे धरले की मुलगा रात्र रात्र ओरडतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. शाळेतल्या मुलांना तपासणीला ते स्वतः घेऊन गेले होते. त्यांचं म्हणणं एवढंच की देवांच्या गोष्टीला हे ओझं घालू नका. एकदा ही तुलना रुजली, की कार्ड जमत नाही म्हणून मोडलेल्या सोयरिकीतल्या मुलीला देवानंच नाकारल्यासारखं होईल. आणि उलटंही होईल: उद्या कुणी म्हणेल, आमचे देव वेगळे आहेत, मग कार्ड कशाला? हा दुसरा मुद्दा निव्वळ वैद्यकीय होता आणि तो कुणा तज्ज्ञाला सुचलेला नव्हता.

मी हे निर्मात्यांना कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं आणि टाळता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी लिहिलं, लोकांना हे पटतंय, तपासणीला येतायत. हाच खरा पेच आहे. गोष्ट थोडी वाकवली आणि त्यामुळे एखाद्या मुलाचं दुखणं टळलं, तर माझ्यासारखीनं भाषेचा नाजूकपणा घेऊन मध्ये का यावं? जिवापुढे उपमेची काय किंमत?

यावर मी बरेच दिवस घालवले. माझं उत्तर असं आहे की उसन्या गोष्टीच्या जोरावर जे पटतं, ते आपल्या पुराव्यावर पटलेलं नसतं. ते आजीवर विश्वास म्हणून पटतं. तो विश्वास तिनं आणि तिच्या आधीच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठवला आहे. आपण त्यातून खर्च करतो, आणि हिशेब आजीला द्यावा लागतो. 8 नोव्हेंबर 2014 रोजी बिलासपूर जिल्ह्यात एका नसबंदी शिबिरात काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया एका डॉक्टरनं केल्या. त्यांतल्या 13 जणी पुढच्या दिवसांत गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. पण त्या बायका शिबिरापर्यंत आल्या कशा? लक्ष्य वरून ठरलेलं होतं, शेवटचं बोलावणं मात्र पाड्यावरच्या ओळखीच्या बाईचं होतं. औषधं कुठून आली, खोलीत जंतुनाशक होतं का, यांतलं काहीही तिच्या हातात नव्हतं. तिच्याकडे होता तो शब्द, मितानिन. ज्यांनी तो शब्द योजनेला चिकटवला त्यांना त्या घरांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागलं नाही. तिला लागलं.

म्हणून मला वाटतं, अट परिणामाची नसावी. परिणाम चांगला झाला तर गोष्ट वापरणं योग्य आणि वाईट झाला तर अयोग्य, असं म्हणायचं तर ते नेहमी नंतर कळणार. अट आधी घालता येते. जिची गोष्ट घेतली तिला ती अडवता, फिरवता, हसण्यावारी नेता आली पाहिजे. आणि गोष्ट वरून खाली येते तशी खालून वरही गेली पाहिजे. तिच्या बोलण्यानं डॉक्टरचं मत बदलण्याची सोय नसेल, तर तिला आपण श्रोता म्हणत असलो तरी ती फक्त निशाणा आहे.

कॅनडात 1967 मध्ये फोगो बेटावरच्या कोळ्यांविषयी कॉलिन लो यांनी तिथल्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी छोटे छोटे चित्रपट केले. चित्रित झालेल्या माणसाला आपलं फिल्मवरचं बोलणं आधी दाखवायचं, तो म्हणेल तर ते काढून टाकायचं, आणि मगच ते मंत्र्यांना दाखवायचं, अशी पद्धत होती. बेट रिकामं करण्याचा सरकारचा विचार होता. बेट राहिलं, कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कॅमेरा इथे निरोप्या झाला आणि निरोप दोन्हीकडे गेला.

पण इतक्या लांब जाण्याची गरज नाही. भिलाईच्या भट्टीला लोहखनिज पुरवणारं दल्ली-राजहरा इथून दीड-दोन तासांवर आहे. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी 1977 च्या गोळीबारात 11 साथी गमावले. नंतर त्यांच्या संघटनेच्या नेत्या कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी गेल्या. कामगारांनी शंकर गुहा नियोगींसोबत स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून दवाखाना उभा केला. 3 जून 1983 रोजी उघडलेलं शहीद रुग्णालय. दारूबंदीची मोहीम तिथे आधी संघटनेत सुरू झाली. गोष्टही त्यांनी स्वतः शोधली: सोनाखानचे बिंझवार जमीनदार वीर नारायण सिंह, ज्यांनी 1856 च्या दुष्काळात व्यापाऱ्याचं कोठार फोडून धान्य वाटलं आणि 10 डिसेंबर 1857 रोजी रायपूरला फासावर गेले. पुस्तकांत जवळजवळ हरवलेला हा माणूस संघटनेनं गाण्यांतून, ‘नवा अंजोर’च्या कार्यक्रमांतून परत आणला. आरोग्याचा संदेश म्हणून कुणी ही गोष्ट निवडली नसती. तीत जंतू नाहीत, हात धुणं नाही. पण मजुरी दारूत गेली की पोराच्या ताटात काय उरतं, हे बोलायला त्यांना तीच गोष्ट लागली, आणि ती कुणी दुसऱ्यानं त्यांच्या हातात दिलेली नव्हती. नियोगींना 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच, झोपेत गोळी घातली गेली. रुग्णालय चालू राहिलं.

मराठी वाचकाला इथे गाडगेबाबा आठवतील. बाबा आधी दिवसभर गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ते वऱ्हाडीत प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, उत्तराला बाबा पुन्हा प्रश्न विचारत. ‘देवकीनंदन गोपाला’ (1977) या राजदत्तांच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी ते उभं केलं आहे, फार चांगलं. फक्त चित्रपटगृहात आपण त्या प्रश्नांना मोठ्यानं उत्तर देत नाही, तेवढा फरक पडतोच. बाबांच्या हातातला खराटा हा त्यांचा पुरावा होता. विश्वास त्यांनी उसना घेतला नाही, रोज सकाळी कमावला.

उपशीर्षकांचं काय केलं, हे राहिलं. ते वाक्य मी बदललं नाही, मऊही केलं नाही. नर्स जे म्हणते तेच मराठीत लिहिलं. मोह झाला होता. दोन शब्द इकडचे तिकडे करून ते निरुपद्रवी करणं मला सहज जमलं असतं. पण मग धानोऱ्याच्या किंवा कोरचीच्या एखाद्या गावात ते पाहणारी बाई कशावर आक्षेप घेणार? मूळ वाक्य तिच्यापर्यंत पोचलं तरच ती गुरुजींसारखं विचारू शकते. निर्मात्यांना मी वेगळी विनंती केली की प्रत्येक खेळानंतर दिवे लावून अर्धा तास ठेवा आणि जे बोललं जाईल ते लिहून घ्या. काही ठिकाणी ते होतंय असं कळलं आहे.

गुरुजींना मी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, जी चित्रपटात नाही. सिकलसेलचं जनुक एकेरी असलं, म्हणजे माणूस नुसता वाहक असला, तर घातक मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात म्हणूनच ते टिकलं. भारतात ते पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत नोंदलं गेलं. म्हणजे ज्याला आपण खोट म्हणतो, ती जंगलातल्या तापातून वाचलेल्या पूर्वजांची खूण आहे. तिची किंमत काही नातवंडं भरतात, हेही खरं. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “हे कुणी आम्हाला का सांगितलं नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावी गेले तेव्हा अंगणात दहा-बारा मुलं बसली होती, त्यांत तो पुतण्याही होता, आणि गुरुजी तीच गोष्ट गोंडीत सांगत होते. गोंडी मला येत नाही. ताप, डास आणि एका म्हाताऱ्याचं नाव एवढं कळलं. मध्येच पुतण्यानं त्यांना अडवून काहीतरी दुरुस्त केलं, सगळी पोरं हसली, आणि गुरुजींनी पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं.